वाचनालयातली पानं ब्लेडने कापणारा माणूस नक्की काय विचार करत असेल?

मांडवीकर | १२ जुलै २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय कारण डोकं फिरलंय.

आमच्या भागात एक जुनं मराठी वाचनालय आहे (नाव देत नाही, बरोड्यातल्यांना कळेलच, आणि नाही कळलं तर बरंच). तिथे जुन्या मासिकांचे बांधलेले खंड आहेत. आईला तिच्या लहानपणी वाचलेलं एक सदर परत वाचायचं होतं म्हणून परवा एक खंड काढला. अनुक्रमणिकेत पान ११२. उघडून बघतो तर ११० नंतर एकदम ११९.

फाटलेली नाहीत हां. कापलीत. शिवणीपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, पट्टी लावल्यासारखी सरळ. म्हणजे हा माणूस घरून खिशात ब्लेड घेऊन निघाला, वाटेत कुणाशी नमस्कार-चमत्कार केले असतील, वहीत सही केली असेल, पंख्याखालची खुर्ची बघून बसला असेल आणि मग शांतपणे आठ पानं कापली. समोर झेरॉक्सचं दुकान आहे. दोन रुपये पान. सोळा रुपयांचा प्रश्न होता.

मला चोराचा राग नाही येत एवढा. चोराला पैसे मिळतात. ह्याला काय मिळालं? आणि मुख्य म्हणजे जुन्या मासिकातलं सदर हवं असणारा माणूस म्हणजे वाचणारा माणूस, आपल्यातलाच. बाहेरच्या कुणाला त्या खंडाचं काय पडलंय.

मागच्या वर्षी कार्यकारिणीने आवाहन केलं होतं की पुस्तकांची बांधणी उसवलीये, रविवारी दोन तास या, खळ लावायला मदत करा. तीन जण आले. त्यातला एक मी, एक कार्यकारिणीचाच, आणि तिसरा पेपर वाचायला आला होता, त्याला वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे म्हणून थांबला.

तर प्रश्न हा आहे की जे सगळ्यांचं आहे त्यात भर घालायला माणसं येत नाहीत आणि तोडायला मात्र ब्लेड घेऊन येतात, असं का? शिव्या नका देऊ, त्या मी देऊन झाल्यात.

---

सेवउसळ | रात्री ९:५२

सोळा रुपयांत हल्ली एक्स्ट्रा पाव पण येत नाही आणि तुम्ही झेरॉक्स काढायला सांगताय.

---

निवृत्तमास्तर | रात्री १०:१५

ह्यात विचार करण्यासारखं काहीही नाही. शिस्त नाही, धाक नाही. आमच्या वेळी शाळेच्या बाकावर करकटकाने नाव कोरलं तर वडिलांना बोलावून त्यांच्यासमोर हातावर रूळ बसायचा, आणि घरी गेल्यावर वडिलांचा वेगळा. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा १९८४ पासून आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. कुणाला झाली ऐकलंय? अशा माणसाचा फोटो वाचनालयाच्या दारात लावावा. पुस्तक परत न करणारे, पानं फाडणारे, सगळ्यांचे फोटो. आठ दिवसांत सरळ होतील.

---

तन्वी_फतेगंज | रात्री १०:३१

काका फोटो लावला तर तोही कुणीतरी ब्लेडने कापून नेईल.

---

आसावरी_ब | १३ जुलै, सकाळी ७:२०

मास्तर, धाकाचा मुद्दा मान्य पण पूर्ण नाही पटला. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. तरी बटणांना सिगारेटने चटके दिलेले आहेत, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याचं बटण वितळून पार अक्रोडासारखं झालंय. कॅमेऱ्यात बघितलं तर सेक्रेटरींचाच भाचा. मग काय, सगळे गप्प.

जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकतात म्हणून देवांच्या टाइल्स लावल्या. सगळ्या धर्मांच्या, कुणाला वाईट नको वाटायला. आता बरोब्बर टाइलच्या वरच्या भागात थुंकतात. नेम बघा किती चांगला आहे.

---

परदेशस्थ_बडोदेकर | सकाळी ८:०५

इथे न्यूजर्सीला पब्लिक लायब्ररीत पुस्तक बाहेरच्या पेटीत टाकून निघून येतो, कुणी बघत पण नाही. सिविक सेन्स लहानपणापासून लागतो. आपल्याकडे लोकांना अक्कल येईपर्यंत

---

सेवउसळ | सकाळी ८:११

वाक्य अर्धंच राहिलं की कुणी ब्लेडने कापलं?

---

परदेशस्थ_बडोदेकर | सकाळी ८:१४

मोबाइलवरून टाइप करतोय. मुद्दा समजला असेलच. अशिक्षित लोकांना सार्वजनिक गोष्टींची किंमत नसते.

---

मकरपुरा_शिफ्ट | सकाळी ११:४५

नाईटवरून आत्ता उठलो. साहेब, जरा अशिक्षितांचा मुद्दा बघू. २०१७ च्या मे महिन्यात मुंबई-गोवा तेजस सुरू झाली, एसी, प्रत्येक सीटला स्क्रीन, मोफत हेडफोन. पहिल्याच फेरीत हेडफोन गायब आणि स्क्रीनवर ओरखडे. त्या गाडीचं तिकीट काढणारे कोण होते, निरक्षर शेतमजूर? आणि पश्चिम रेल्वेने २०१७-१८ चा हिशेब दिला होता, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या एसी डब्यांतून १ लाख ९५ हजार टॉवेल गेले. ८१ हजारांवर चादरी. ५ हजारांवर उशा!! अहो टॉवेल समजू शकतो, उशी कशी लपवतात?

आमच्या कंपनीत पाण्याच्या कूलरचा ग्लास साखळीने बांधलाय. तो कामगारांसाठी. साहेब लोकांच्या मजल्यावर काचेचे ग्लास होते, बारा. आता चार आहेत.

---

आसावरी_ब | दुपारी १२:०२

उशी पोटाला बांधून :-)

---

हिशेबनीस | दुपारी १:३०

मांडवीकरांचा प्रश्न अर्थशास्त्रात जुना आहे. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाने सामायिक कुरणाचं उदाहरण दिलं होतं. कुरण सगळ्यांचं, गाई ज्याच्या त्याच्या. एक गाय जास्त सोडली तर दूध पूर्ण माझं आणि गवताचं नुकसान सगळ्यांत वाटलेलं. मग प्रत्येकजण एक जास्त गाय सोडतो आणि कुरण संपतं. ब्लेडवाल्याचं गणित हेच आहे. आठ पानं पूर्ण त्याची, नुकसान पाचशे सभासदांत वाटलं गेलं, दर माणशी काहीच नाही.

म्हणून एकतर सगळं खाजगी करा नाहीतर सरकारी पहारा बसवा, असं त्यातून पुढे लोक म्हणू लागले.

---

मांडवीकर | दुपारी २:१०

हिशेबनीस, गाईला गवत लागतं हे कळलं. पण कमाटी बागेतला बाक मोडणाऱ्याला त्या मोडक्या पट्टीचं काय दूध मिळतं? माझा प्रश्न तिथे अडतो. ओरबाडून नेणं वेगळं, नासवणं वेगळं.

---

तन्वी_फतेगंज | दुपारी २:४०

एक बोलू का, कुणी बोलत नाहीये म्हणून. फोडायला मजा येते.

म्हणजे मी आता नाही करत, पण आठवीत असताना आम्ही चौघी-पाच जणी ट्यूशनवरून येताना बंद पडलेल्या एका सरकारी क्वार्टरच्या खिडक्यांवर दगड मारायचो. काच फुटल्याचा आवाज काय भारी यायचा. आधीच दोन फुटलेल्या होत्या म्हणून तर सुरू केलं, सगळ्या धड असत्या तर हिंमत नसती झाली. कुणाचा राग नव्हता, गरीब नव्हतो, घरी संस्कार बिंस्कार सगळं होतं. आणि शेजारच्याच बंगल्याच्या काचेला कधी हात लावला नाही कारण तिथल्या काकू आम्हाला नावाने ओळखायच्या.

---

निवृत्तमास्तर | दुपारी ३:००

हेच म्हणतो मी. संस्कार असते तर हात धजला नसता.

---

तन्वी_फतेगंज | दुपारी ३:०३

काका माझी आई हे वाचते, जरा जपून :-)

---

जुनंबडोदं | दुपारी ४:५०

वाचनालयाचा विषय निघालाय आणि बडोद्याचा निघालाय, तेव्हा थोडं लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

१९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि संस्थानात ग्रंथालयाचं वेगळं खातंच काढलं. शिक्षण सक्तीचं आणि मोफत आधी केलं होतं, १८९३ ला अमरेलीत सुरुवात, १९०६ ला सगळ्या राज्यात. महाराजांचं म्हणणं असं की वाचायला शिकवलं आणि पुढे पुस्तकच दिलं नाही तर शिकलेलं विसरतील. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं बीज म्हणजे महाराजांचा स्वतःचा पुस्तकसंग्रह. तिथले काचेच्या फरशीचे मजले लहानपणी पाहिलेत, वरून चालणाऱ्याच्या बुटांची सावली खाली दिसायची.

पण ह्या धाग्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गावोगावच्या वाचनालयांसाठी महाराजांनी सगळे पैसे दिले नाहीत. मुद्दाम नाही दिले. तिजोरीत पैसा नव्हता असं नाही. नियम असा की एक तृतीयांश गावाने वर्गणी काढायची, मग एक तृतीयांश प्रांत पंचायत देणार आणि एक तृतीयांश सरकार. गावाने खिशात हात घातल्याशिवाय वरून काही येणार नाही. आणि ज्या गावाची तेवढीही ऐपत नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं जायची, त्याचा खर्च सरकार करायचं. मोतीभाई अमीन होते ह्या कामात, त्यांनी आधीपासूनच चरोतरात (खेडा-आणंदकडचा भाग) मित्रमंडळांची वाचनालयं काढलेली होती.

त्या पेट्या गावात कुणातरी मास्तराच्या नाहीतर पोस्टमनच्या ताब्यात असायच्या. पेटी परत जाताना पुस्तकं मोजून द्यायची. म्हणजे पुस्तक फाटलं तर 'सरकारचं फाटलं' असं होत नव्हतं, मास्तरांची मान खाली जायची.

आता मांडवीकर तुम्ही म्हणता ते वाचनालय कसं चालतं? अनुदान वरून येतं, वर्गणी नावापुरती, आणि सभासदांना वाटतं कार्यकारिणी बघेल.

---

सेवउसळ | संध्याकाळी ५:१०

एकदम बराबर. फक्त एक शंका, एक तृतीयांश वर्गणी दिली की एक तृतीयांश पुस्तक कापायचा हक्क मिळतो का?

---

आसावरी_ब | संध्याकाळी ६:००

विनोद सोडा पण सेवउसळ नकळत मुद्द्याचं बोललेत. 'आपलं आहे' असं वाटलं की माणूस जपतो म्हणतात, मला उलट दिसतं. ब्लेडवाल्याला ते वाचनालय परक्याचं वाटत असतं तर घाबरला असता. 'आपलंच आहे, वीस वर्षं सभासद आहे मी' असं वाटलं म्हणूनच कापलं. बागेतली फुलं कोण तोडतं सकाळी? रोज फिरायला येणारे, पिशवी घेऊन. पूजेला. बाहेरगावचा माणूस नाही तोडत.

---

निवृत्तमास्तर | संध्याकाळी ६:४०

पूजेची फुलं आणि पुस्तकाची पानं एका मापाने मोजू नयेत.

---

आसावरी_ब | संध्याकाळी ६:४२

बरं म्हणजे तुम्हीपण तोडता तर.

---

मगरमित्र | रात्री ८:३०

मी विश्वामित्रीच्या काठावर राहतो त्यामुळे माझं उदाहरण नदीचं. घर पाडलं की भराव नदीत. गणपती झाले की निर्माल्य नदीत. कोतरं होती ना, पावसाचं पाणी धरून ठेवणारी, ती बुजवून त्यावर प्लॉट पडले. ह्यात आपण सगळे आलो, मी ज्या बिल्डिंगमध्ये राहतो ती कशावर उभी आहे हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, हप्ते चालू आहेत.

२०२४ च्या ऑगस्टात काय झालं ते बरोड्याबाहेरच्यांनी फक्त टीव्हीवर बघितलं, रस्त्यावर मगरी फिरतायत म्हणून. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. तीन दिवस लाइट नाही. सकाळ झाली की पहिला प्रश्न आजवा धरण किती फूट झालं.

आता गंमत ऐका. आमच्या मागच्या गल्लीत एक ट्रॅक्टरवाला आहे, भरावाचाच धंदा. नदीकाठी रात्री भराव टाकणारा हाच, सगळ्यांना माहिती आहे, माझी त्याच्याशी दोनदा बोलाचाली झालीये. पुराच्या दुसऱ्या दिवशी हाच माणूस ट्रॅक्टर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या वाटत आला. स्वतःच्या पैशाने. माझ्या आईला उचलून ट्रॉलीत बसवलं, दवाखान्यात सोडलं, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. पाणी ओसरलं, चिखल काढला, आणि दिवाळीच्या आधी बघतो तर रात्री ट्रॅक्टर पुन्हा नदीकडे. लोकांच्या घरातला भिजलेला कचराच टाकत होता.

मी आता त्याला काय बोलू? समोर माझी आई दिसली तर त्याला कळतं. नदी कुणाची आई, बोलायला ठीक आहे, पण नदीला तोंड नाही.

---

सेवउसळ | रात्री ८:४१

नदीला तोंड नाही कसं, मगरींची आहेत की.

---

मगरमित्र | रात्री ८:४४

खरं सांगू, काठ जो काही शिल्लक आहे तो मगरींमुळेच आहे. माणसाच्या शहरात पहारेकरी म्हणून तेवढ्याच कामावर हजर असतात.

---

परदेशस्थ_बडोदेकर | १४ जुलै, सकाळी ६:५०

मला वाटतं हे गुलामीतून आलंय. दीडशे वर्षं सरकार म्हणजे इंग्रज, त्याची मालमत्ता तोडणं म्हणजे देशभक्ती. ती सवय गेली नाही.

---

जुनंबडोदं | सकाळी ९:१५

आमच्याकडे इंग्रज कुठे होता, महाराज होते. १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत इथलं सरकार मराठी-गुजराती बोलणारं होतं.

---

सेवउसळ | सकाळी ९:१८

इंग्रजांचा रेसिडेंट होता ने!

---

निवृत्तमास्तर | सकाळी १०:०५

सवयीचा मुद्दा मात्र खरा आहे. १९७४ चं नवनिर्माण आंदोलन मी कॉलेजात असताना पाहिलंय. मेसचं बिल वाढलं म्हणून विद्यार्थी पेटले आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं, अभिमान वाटायचा. पण बसवर दगड मारणाऱ्यांत आमच्या वर्गातले निम्मे होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच बसची वाट बघत स्टॉपवर उभे. 'सरकारची बस' म्हणायचे. मी त्यात नव्हतो.

---

पांझराकाठ | सकाळी ११:३०

मी मूळचा साक्रीकडचा, धुळे जिल्हा, नोकरीमुळे बावीस वर्षं बडोद्यात. हिशेबनीस यांनी कुरणाची गोष्ट सांगितली ती आमच्याकडे उलटी घडलेली आहे म्हणून लिहितो.

पांझरा नदीवर आमच्याकडे फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. तीन-चारशे वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्याचा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक. एकात ऊस तर दुसऱ्यात गहू असं. आणि खुबी अशी की बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं तर एक फड कोरडा ठेवायचा, म्हणजे नुकसान सगळ्यांचं सारखं. एकट्याने लबाडी करून फायदा काढायला जागाच ठेवलेली नाही.

माझा मामा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाण्याच्या बाऱ्या सोडणारा, जागल्या पिकाची राखण करणारा, वर हवालदार. त्यांचा पगार सरकार नाही देत, शेतकरी धान्यात देतात. बारी मोडून कुणी रात्री पाणी फिरवलं तर मामा आधी घरी जाऊन चहा प्यायचा त्याच्याकडे. फक्त चहा. काही बोलायचा नाही. बायकोला कळायचं मामा का आलाय. दुसऱ्यांदा केलं तर चारचौघांत विषय, दंड. तिसऱ्यांदाची वेळ मी तरी पाहिली नाही. आणि पाट साफ करायच्या दिवशी घरटी एक माणूस यायलाच पाहिजे, नाही आला तर मजुरी भरायची. मांडवीकर, तुमच्या खळ लावायच्या रविवारी हे नव्हतं.

मास्तरांचा फोटो दारात लावायचा उपाय म्हणजे पहिल्याच दिवशी तिसरी पायरी. मग माणूस निगरगट्ट होतो.

---

हिशेबनीस | दुपारी १२:१०

पांझराकाठ, तुमच्या मामाने जे केलं त्यावर नोबेल आहे! एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई. हार्डिनचं कुरण सगळीकडे संपत नाही हे त्यांनी गावोगावचे पाट, जंगलं, मासेमारी बघून दाखवलं. वापरणाऱ्यांनीच नियम करायचे, वापरणाऱ्यांपैकीच कुणी लक्ष ठेवायचं, आणि शिक्षा हळूहळू चढती. चहापासून सुरू.

---

पांझराकाठ | दुपारी १२:२५

बाईंना नोबेल, मामाला वर्षाला दोन पोती बाजरी. तेही एक पोतं भिजलेलं असायचं.

---

मकरपुरा_शिफ्ट | दुपारी १:००

पण फड टिकले का? तुम्हीच म्हणता काही ठिकाणी अजून आहे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी नाही.

---

पांझराकाठ | दुपारी १:२०

नाही टिकले सगळीकडे. वरच्या अंगाला धरणं झाली, मोटारी आल्या, ज्याची त्याची विहीर, ज्याचा त्याचा ऊस. एकदा पाटाची गरज संपली की मामाच्या चहाला कोण विचारतो.

---

तन्वी_फतेगंज | दुपारी ४:१५

मग आता मीपण खरं ते कबूल करते, कारण काच फोडण्यापेक्षा हे वाईट आहे. कॉलेजच्या लायब्ररीत परीक्षेच्या आधी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, ऐंशी मुलं. आम्ही पान कापत नाही, पुस्तक भलत्याच कपाटात लपवतो. मी स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक पशुसंवर्धनात ठेवलं होतं, तिथे कुणी फिरकत नाही म्हणून. परीक्षा झाली आणि परत जागेवर ठेवायचं राहूनच गेलं. दोन वर्षं झाली, अजून तिथेच असेल, म्हशींच्या शेजारी.

आणि लपवताना मला लाज नव्हती वाटली, उलट वाटलं बाकीचे पण करतायत, मीच एकटी मूर्ख का राहू. मांडवीकर काका तुम्ही विचारलं ना तो काय विचार करत असेल. हाच.

---

मांडवीकर | रात्री ९:००

तन्वी, एवढं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. उद्या जाऊन जागेवर ठेवून ये.

मगरमित्र, तुमचा ट्रॅक्टरवाला डोक्यातून जात नाहीये.

एक राहिलं. कुणीतरी म्हणेल बागेत मोफत पुस्तकांचं कपाट ठेवा, लोकांना विश्वास द्या वगैरे. आमच्या सोसायटीजवळ ठेवलं होतं. आठ दिवसांत रिकामं.

---

सेवउसळ | रात्री ९:०४

रिकामं झालं म्हणजे लोकांनी वाचायला नेली, यशस्वी झाला की उपक्रम.

---

मांडवीकर | रात्री ९:०६

पस्तीवाल्याकडे सापडली. किलोवर.

---

आसावरी_ब | १५ जुलै, सकाळी ७:४५

मांडवीकर, ते मासिक कुठलं आणि कुठलं साल ते व्यक्तिगत निरोपात कळवा. माझ्या सासूबाईंकडे जुने अंक आहेत. मिळालं तर ती आठ पानं झेरॉक्स करून देते, खंडात चिकटवून टाका. सोळा रुपये मी सोडले.

---

निवृत्तमास्तर | २६ जुलै, सकाळी ११:१०

धागा थंड झालाय पण लिहिणं भाग आहे.

ह्या चर्चेमुळे आमच्याकडची जुनी पुस्तकं आवरायला काढली. माळ्यावर वडिलांची ट्रंक. त्यात एक प्रवासवर्णन सापडलं, कापडी बांधणी, आतल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का. मागे तारखांचा कागद. शेवटची परतीची तारीख २० फेब्रुवारी १९७४.

वडिलांची बाजू सांगतो. ते नवनिर्माणाचे दिवस होते, घराबाहेर पडायची पंचाईत. वाचनालय बंद असणार. नंतर राहून गेलं असावं. वडील अत्यंत शिस्तीचे होते. कागदाखाली छापलंय, उशिरास दररोज ५ पैसे दंड.

---

सेवउसळ | सकाळी ११:१२

मास्तर फोटो पाठवा, दारात लावायचाय.

---

हिशेबनीस | सकाळी ११:३०

२० फेब्रुवारी १९७४ ते आज, १८ हजार ७८४ दिवस. ५ पैशांनी ९३९ रुपये २० पैसे. लीप वर्षं धरलीत.

---

पांझराकाठ | सकाळी ११:४०

आधी चहाला बोलवा त्यांना. दंड नंतर.

---

निवृत्तमास्तर | २७ जुलै, संध्याकाळी ७:३०

आज पुस्तक आणि ९४० रुपये पाकिटात घालून वाचनालयात गेलो. योगायोगाने हे मांडवीकरांचंच वाचनालय निघालं, ते स्वतः तिथे बसले होते, खळ आणि झेरॉक्सची पानं घेऊन. मला बघून हसले नाहीत, त्याबद्दल आभारी आहे.

टेबलावरच्या बाईंनी जुनं रजिस्टर काढलं, अर्धा तास शोधलं. पुस्तक १९८१ साली 'गहाळ' म्हणून खोडलेलं आहे. त्या म्हणाल्या, खोडलेलं पुस्तक परत जमा करून घ्यायला रजिस्टरात रकानाच नाही. देणगी म्हणून द्या. मी म्हटलं आमचं नाहीच तर देणगी कशी देऊ. मग म्हणाल्या कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोवर घरी घेऊन जा. दंडाचीही पावती फाडता येईना, सभासद क्रमांक चालू नाही म्हणून. शेवटी नवीन सभासद झालो आणि उरलेले पैसे पुस्तकबांधणीच्या डब्यात टाकले. रविवारी खळ लावायला ये म्हणून मांडवीकरांनी सांगितलंय, जाईन.

---

तन्वी_फतेगंज | संध्याकाळी ७:३५

मग पुस्तक आत्ता कुठे आहे काका?

---

निवृत्तमास्तर | संध्याकाळी ७:५०

माझ्याकडेच. वाचतोय. ६५ ते ६८ पान नाही.